दोन शब्द बोला

कराडात मुखदुर्बळ माणूस शोधायला निघालात तर संध्याकाळपर्यंत हात हलवत परत याल. एसटी स्टँडावर पाटणच्या गाडीची वाट बघत उभा असलेला अनोळखी माणूस पाच मिनिटांत तुम्हाला त्याच्या जावयाचा स्वभाव सांगतो. मंडईत मेथीच्या जुडीवरून सुरू झालेलं बोलणं देशाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत जातं आणि जुडीचा भाव उतरवूनच थांबतं. प्रीतिसंगमाच्या बागेत निवृत्त मंडळींची बैठक भरते; तिथे उसाचा दर, कोयना धरणातलं पाणी आणि अमेरिकेचं परराष्ट्र धोरण हे तिन्ही विषय दिवेलागणीच्या आत निकालात निघतात. आवाज खणखणीत, दाखले जागच्या जागी आणि समोरच्याला तोंड उघडू न देण्याची हातोटी तर अशी, की भल्या वकिलानं शिकवणीला यावं.

यातल्याच एखाद्या अण्णांना धरून मंगल कार्यालयाच्या स्टेजवर चढवा आणि हातात माइक देऊन म्हणा, "अण्णा, सत्कारमूर्तींबद्दल दोन शब्द बोला." ज्याच्याबद्दल बोलायचं, त्या मित्राबरोबर अण्णांनी निम्मा जन्म चहा घेतलेला असतो. त्याच्या खोड्या, त्याचे उपकार, त्याची उधारी सगळं अण्णांना तोंडपाठ असतं. तरीही अण्णा माइक हातभर लांब धरतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "मी काही वक्ता नाही." तेवढं एक वाक्य ते निर्दोष म्हणतात. त्यानंतर "तरी पण... म्हणजे आपले हे... सगळ्यांना माहीतच आहेत," असं म्हणता म्हणता त्यांना मित्राचं नावच आठवेनासं होतं. शेवटी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," असं म्हणून ते खाली येतात. दोन शब्द खरोखर दोनच झाल्याचं हे महाराष्ट्रातलं दुर्मीळ उदाहरण.

गंमत पुढेच आहे. अण्णा पंगतीला बसतात, पानात जिलेबी पडते आणि त्याच मित्राबद्दल ते असं काही बोलू लागतात, की आजूबाजूचे चार जण जेवायचे थांबतात. वाढपीसुद्धा मठ्ठ्याचं भांडं हातात धरून ऐकत उभा राहतो. स्टेजपासून पंगतीपर्यंतचं अंतर जेमतेम वीस पावलांचं. या वीस पावलांत माणसाचं काय होतं, हा प्रश्न मला प्रत्येक सत्कार समारंभात पडतो. तिथे विचार करायला वेळही भरपूर मिळतो.

शरीराचं म्हणणं सरळ आहे. शंभर डोळे एकदम आपल्याकडे वळले, की त्याला वाटतं संकट आलं. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. छातीत धडधड सुरू होते. रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे धावतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. पोट आपलं काम बाजूला ठेवतं, म्हणून तिथे गोळा येतो. थोडक्यात, पळून जाण्याची किंवा दोन हात करण्याची चोख तयारी होते. कराडच्या पश्चिमेला कोयना आणि चांदोलीच्या रानात सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वाघ समोर आला तर ही तयारी उपयोगी पडेल. आमच्या वाट्याला मात्र पतसंस्थेच्या वार्षिक सभेचे सभासद येतात. त्यांच्यापुढून पळूनही जाता येत नाही आणि त्यांच्याशी दोन हातही करता येत नाहीत. फार तर लाभांश जाहीर करता येतो.

पण शंभर डोळे काय फक्त स्टेजवरच असतात? भर बाजारात भांडताना दीडशे असतात. तिथे बोबडी वळत नाही, उलट जिभेला धार येते. तेव्हा दोष डोळ्यांचा नसावा. माझ्या मते या दुखण्याचं मूळ आपल्या शाळेत आहे आणि त्याची तारीखही सांगता येते. ती म्हणजे १ ऑगस्ट.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी कराडच्या दक्षिणेला, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यामुळे आमच्या भागात या दिवशी पुण्यतिथी आणि जयंती एकाच सतरंजीवर होतात आणि मुलांना भाषणं करावी लागतात. भाषण लिहितात वडील. तेही बाजारातल्या 'शालेय भाषणे' छापाच्या पुस्तकातून. पाठ करून घेते आई, पोळ्या लाटता लाटता. हातवारे बसवतात बाई. या सगळ्यात मुलाचं स्वतःचं असं काही असेल तर नव्यानं शिवलेला गणवेश. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून गाडी सुटते ती थेट टिळकांच्या गोष्टीतल्या शेंगांच्या टरफलांपर्यंत. तिथे एक शब्द निसटतो. मूल छताकडे बघतं, छत काही सांगत नाही. बाई बाजूनं ओठ हलवतात. मग ते पोर मोठा श्वास घेतं आणि पुन्हा "अध्यक्ष महाशय"पासून सुरू करतं. मधूनच कुठून तरी सुरुवात करायची सोय त्यात नसतेच, कारण पाठ केलेल्या भाषणात पुढचं वाक्य मागच्या वाक्यामुळे आठवतं, अर्थामुळे नाही.

खरी गोम इथे आहे. टरफलांची गोष्ट आपल्याच शब्दांत सांग म्हटलं, तर तेच मूल मैदानावर ती तिखटमीठ लावून सांगेल. वरून स्वतःच्या वर्गातल्या टरफलांची भरही घालेल. पण स्टेजवर त्याला दुसऱ्याचं बोलायचं असतं. आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळताना हात थरथरतोच. शेजाऱ्याकडून आणलेली काचेची बरणी परत नेऊन देताना थरथरतो तसा. बरणी आपली असली तर आपण ती काखोटीला मारून गप्पा मारत चालतो. अण्णांचंही स्टेजवर हेच होतं. मित्र त्यांचा असतो, पण बोलायची भाषा सत्काराची असते. "बहुआयामी व्यक्तिमत्त्व" हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा तोंडात घेताना कुणाचीही दातखीळ बसेल.

ज्यांच्या नावानं आपण १ ऑगस्टला मुलांचा घसा कोरडा करतो, त्या दोघांपैकी कुणीही दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोललं नाही, हा यातला मोठा विनोद आहे. अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची, असं सांगतात. वाटेगावातून वडिलांबरोबर मुंबईला गेले, गिरणीत राबले, हाती डफ घेऊन शाहीर झाले. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनाला तेच उभे राहिले. ही पृथ्वी श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे असं त्यांनी तिथे सांगितलं आणि ते आजही लोकांच्या लक्षात आहे. ते वाक्य त्यांना पाठ करावं लागलं नसणार. ते त्यांच्या तळहातावरच होतं.

शेजारच्याच येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचीही तीच तऱ्हा. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेला हा माणूस सभेत उभा राहिला, की शेताच्या बांधावर बोलावं तसं बोलायचा. बैल, पेरणी, सावकार, सून, सासू सगळं भाषणात यायचं. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता प्रमाण मराठीच्या वाटेला गेला नाही, म्हणून माणसं कोसावरून चालत आली. व्याकरण सुधारण्याच्या नादात नानांनी भाषण पाठ केलं असतं, तर इंग्रजांची बरीच सोय झाली असती.

आता बाहेरगावच्या माणसाला सांगून बघा, की कराडच्या लोकांना भाषणाची भीती वाटते. तो हसतो. "यशवंतरावांच्या गावाला?" बरोबर आहे. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. विद्यार्थिदशेतच त्यांनी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं, दीडशे रुपये रोख. त्या काळी दीडशे रुपये म्हणजे चेष्टा नव्हती आणि पुण्यात जाऊन मराठी बोलून बक्षीस आणणं ही तर त्याहून चेष्टा नव्हती. पेठेतल्या माणसासमोर "आलोय" म्हणावं की "आलो आहे" म्हणावं, या विचारात आमच्याकडची भलीभली माणसं आजही स्वारगेटवर उतरतात. यशवंतराव तिथे उभे राहिले आणि बोलून आले. पण तो मुलगा तोवर स्वातंत्र्याच्या चळवळीत गळ्यापर्यंत बुडालेला होता, पुढे १९३२ साली त्यासाठी तुरुंगातही गेला. सांगण्यासारखं काही आत साठलेलं होतं, हे मला जिभेच्या वळणापेक्षा मोठं वाटतं.

सांगण्यासारखं नसेल तर बॅरिस्टरचीही गत सत्कारातल्या अण्णांसारखीच होते. मोहनदास करमचंद गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन मुंबईत आले आणि स्मॉल कॉज कोर्टात मामीबाई नावाच्या अशिलाचा पहिला खटला घेऊन उभे राहिले. फी ३० रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची वेळ आली आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवा म्हणाले आणि कोर्टातून बाहेर पडले. त्या दुसऱ्या वकिलाला ५१ रुपये मिळाले. हे सगळं गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली आणि व्यापारातल्या सचोटीवर बोलले. या खेपेला डोकं गरगरलं नाही. माणूस तोच, जीभ तीच, लाजरेपणाही बहुधा तोच. मुंबईत गाऱ्हाणं मामीबाईचं होतं, प्रिटोरियात आपलं होतं.

आपल्या आज्यांना हे शास्त्र आत्मकथा न वाचता ठाऊक असावं. नाहीतर त्यांनी उखाणा कशाला काढला असता? घरात कालच आलेली सून, डोक्यावर पदर, भोवती साठ अनोळखी बायका आणि चहूकडून "नाव घे, नाव घे"चा घोष. वरवर बघता हा छळच. पण रचना बघा. भाषण दोन ओळींचं. विषय घरचाच, नुकताच गळ्यात पडलेला. कुठेही अडखळलं तरी शेवटी नाव आलं, की हशा आणि टाळ्या ठरलेल्या. ऐकणाऱ्या बायकांपैकी प्रत्येकीनं कधी ना कधी तिथेच उभं राहून घाम पुसलेला, त्यामुळे परीक्षक म्हणून कुणी बसतच नाही. पहिल्या भाषणाची याहून चांगली सोय कुठल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात होत असेल असं मला वाटत नाही. मावशीनं शिकवलेला उखाणा म्हणणारी सून पहिल्या वर्षी थरथरते. तिसऱ्या वर्षी ती स्वतःचा जुळवते आणि त्यात नवऱ्याच्या घोरण्याचा उल्लेख करते. थरथरायची पाळी मग नवऱ्याची.

उपायांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नुसत्या "घाबरू नको" या उपदेशाइतका निरुपयोगी उपदेश नाही. घाबरलेल्या माणसाला ते ऐकून आणखी एक काळजी लागते, ती म्हणजे आपण घाबरलोय हे कळलं वाटतं! त्यावर अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचं काम मला आवडतं. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाषणाआधी काही जणांना एवढंच सांगितलं, की तुमच्या पोटातली धाकधूक ऐकणाऱ्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नसते. हे ज्यांना कळलं, ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. खरंच आहे. आपल्याला वाटतं, आपलं काळीज माइकमधून ऐकू जातंय. खालच्या माणसाला मात्र स्वयंपाकघरातून येणारा मसालेभाताचा वास तेवढा जाणवत असतो.

बाकीचे उपाय घरगुती आहेत. हातात पातळ कागद धरू नये, तो आपली सगळी गुपितं फडफडून सांगतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावा, तो तोंड बंद ठेवतो. पाय लटपटत असतील तर त्यासाठीच पोडियम केलेला आहे. पाणी आधी प्यावं. मध्येच झाकणाचा ग्लास उचलायला गेलं, की झाकण पडतं आणि सभेतली सर्वांत मोठी टाळी त्याला मिळते. पहिलं आणि शेवटचं वाक्य मनाशी पक्कं असावं, म्हणजे चढताही येतं आणि उतरताही. उतरणं जास्त महत्त्वाचं, कारण न घाबरणाऱ्या माणसांचा सगळा त्रास तिथेच असतो. त्यांना उतरता येत नाही. "शेवटी एकच सांगतो" असं ते तीन वेळा सांगतात. भीती पार मेलेली माणसं किती वेळ बोलतात हे ज्यांनी भोगलंय, त्यांना थोड्या थरथरीचं मोल कळेल. समोरच्यांचा वेळ आपल्या हातात आहे, ही जाणीव म्हणजेच तर ती थरथर.

पण मी गुरू मानतो तो साउंड सिस्टिमवाल्या पोराला. कार्यक्रमाआधी तो एकटा स्टेजवर येतो आणि भरल्या सभागृहापुढे बेधडक बोलतो, "हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री." ना घसा कोरडा, ना हात गार. मंत्री पुढ्यात येऊन बसले असले तरी त्याच्या "हॅलो"त फरक पडत नाही. कारण आपण कसे दिसतोय, लोक काय म्हणतील, हे त्याच्या मनातही नसतं. त्याला एकाच गोष्टीची चिंता असते, ती म्हणजे शेवटच्या रांगेत ऐकू जातंय का. वक्त्यानं तेवढी एक चिंता उसनी घ्यावी. स्वतःकडे बघणं सुटलं, की निम्मी भीती सुटते.

राहिलेली निम्मी मात्र सुटत नाही आणि ती सुटावी असंही नाही. १९७५ च्या डिसेंबरात कराडला एक्कावन्नावं मराठी साहित्य संमेलन भरलं. देशात आणीबाणी होती. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत. बोलण्याचे परिणाम काय होतील हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दुर्गाबाई बोलल्या. लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या आणि आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहनही त्यांनी केलं. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. तिथे भीती हातपाय गार पडण्याची नव्हती, बेड्यांची होती. त्या दिवशी दुर्गाबाईंच्या पोटात गोळा आला असेल की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण सांगायचं काय ते पक्कं असलं, की भीती असतानाही बोलता येतं, याचा याहून ठळक पुरावा आमच्या गावाला दुसरा मिळालेला नाही.

आणि त्या मांडवात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ऐकणारे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे गावोगावी व्याख्यानमाला झाल्या. त्यांत वक्ते घडले, असं आपण म्हणतो. मला वाटतं, आधी श्रोते घडले. वक्ते त्यांच्या आधारानं उभे राहिले. आज वक्तृत्वाचे वर्ग चौकाचौकात आहेत, ऐकण्याचा वर्ग कुठेच नाही. पहिल्या रांगेत सोफ्यावर मान्यवर झोपलेले. दुसऱ्या रांगेत एक जण फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगतोय, "सभेत हाय, बोल की!" तिसऱ्या रांगेत मोबाइलच्या उजेडानं चेहरे निळे झालेले. अशा सभेत वर उभ्या राहिलेल्या पोराची जीभ टाळूला चिकटली, तर दोष सगळा त्याच्या जिभेचा कसा? चार वक्त्यांना विचारून बघा. प्रत्येक जण सांगेल, की मी गर्दीतला एक मान डोलावणारा चेहरा शोधतो आणि त्याच्याशीच बोलतो. बहुतेक वेळा ती तिसऱ्या-चौथ्या रांगेतली एखादी काकू असते. तिला सत्कार कुणाचा आहे हेही नेमकं माहीत नसतं, पण माणूस बोलतोय तर ऐकावं, एवढी साधी रीत तिला ठाऊक असते. या काकूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार एकदा तरी व्हायला हवा. फक्त तिला दोन शब्द बोलायला लावू नये.

तेव्हा घाबरणाऱ्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. पंगतीत जे बोलता तेच वर बोला, आपल्याच भाषेत बोला आणि वेळेत खाली या. पण त्याहून जास्त सांगायचंय ते खाली बसणाऱ्यांना, कारण आपण सगळे वर्षातून एकदा वर आणि शंभरदा खाली असतो. येत्या १ ऑगस्टला एखादं पोर टरफलांपाशी अडकलं, तर हसू नका. मोबाइल खिशात ठेवा, त्याच्याकडे बघा आणि मान डोलवा. आणि त्यानं पुन्हा "अध्यक्ष महाशय"पासून सुरुवात केली, तरी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐका.